सातवा पूर्वज आणि वरची ओळ

सापार दोसिमोविचला सहा पूर्वज तोंडपाठ होते. अडचण एवढीच होती की सात लागत होते.

बाप, आजा, पणजा असं वर चढत ज्याला सात पुरुषांची नावं घडाघडा म्हणता येत नाहीत त्याला आमच्याकडे अनाथ म्हणतात, मग त्याचा बाप शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेला का असेना. सापार दोसिम, बायझान, कोझाक, तिलेउ, शोनाय, अल्झान इथपर्यंत एका दमात जाई. अल्झाननंतर तो खोके. गेली चाळीस वर्षं तो नेमक्या त्याच जागी खोकत आला होता, आणि कारागांदाच्या कोळशाच्या धुरात कुणाच्या खोकल्याची चौकशी कुणी करत नाही.

तो खोकला अंगाशी आला तो मुलाच्या लग्नात. दौरेनने अस्तानात स्वतःच्याच कचेरीतली कुरालाय नावाची मुलगी पसंत केली. मुलगी गुणी, हसरी, पण किझिलोर्दाची. आणि दक्षिणेकडची माणसं रीतीरिवाजाला किती घट्ट ते त्यांच्याशी सोयरीक केल्याशिवाय कळत नाही. सप्टेंबरात मुलीचे वडील कालीबेक घर बघायला आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, डोक्यावर मखमली टोपी, बोलणं असं की प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं. सापारची बायको राऊशान हिने त्यांच्यापुढे मटण ठेवलं, तळलेल्या बाऊरसाक-वड्यांचा डोंगर रचला, रीतीप्रमाणे अर्धा-अर्धा पेला करत चौदा वेळा चहा दिला. चौदाव्या पेल्यावर कालीबेक प्रसन्न होऊन म्हणाले, "कुदा, तुम्ही उत्तरेकडची माणसं मोठ्या मनाची. फक्त कझाक लिहिताना रशियन भाषेचं बोट धरून चालता."

कुदा म्हणजे व्याही. व्याह्याने जेवून वर टोमणा मारावा हा त्याचा हक्कच असतो. पण सापारने आयुष्यभर खाणींच्या नकाशांवर सुबक अक्षरं काढली होती, त्यामुळे लिहिण्यावरून निघालेला शब्द त्याला घासातल्या खड्यासारखा लागला. तो म्हणाला की सात पूर्वजांची यादी तो शुद्ध कझाकमध्ये, कॉम्प्युटरवर, स्वतःच्या बोटांनी टाइप करून पाठवील. राऊशानने चहाच्या किटलीवरून त्याच्याकडे एकदा पाहिलं.

कालीबेकना ते फार आवडलं. यादी तर दोन्हीकडून व्हायचीच होती, आणि मोजणी मुलामुलींच्या नव्हे, त्यांच्या बापांच्या वडिलांपासून. सात पिढ्यांच्या आत एक जरी नाव दोन्हीकडे निघालं तर मुलगा-मुलगी बहीणभाऊ ठरतात आणि लग्न होत नाही. सगोत्राचा हा कायदा सरकारच्या कायद्याहून जुना आहे. कालीबेकचे नुरपेइस मामा, वय शहाऐंशी, अख्ख्या जिल्ह्याच्या वंशावळी त्यांच्या जिभेवर. त्यांना हस्ताक्षर दिसत नाही, पण टाइप केलेलं फोनवर मोठं करून वाचतात. तेव्हा तीन आठवड्यांनी, शुक्रवारच्या नमाजानंतर, दोघांनी एकाच वेळी यादी पाठवायची. "म्हणजे कुणी कुणाचं बघून लिहिलं असं व्हायला नको," मुख्याध्यापक म्हणाले. बत्तीस वर्षांच्या सवयी निवृत्तीबरोबर सुटत नाहीत.

घरात दौरेनचा जुना लॅपटॉप होता. सापारने तो उघडला आणि त्याला स्वर्ग दिसला. कीबोर्डावर रशियन अक्षरं होती, इंग्रजी होती. कझाकची जी नऊ जास्तीची अक्षरं असतात त्यांतलं एकही नव्हतं. चाळीस वर्षांच्या खोकल्यावर एवढं जालीम औषध त्याला कधी मिळालं नव्हतं. सहा नावं कशीबशी पाठवायची आणि सांगायचं, काय करू कुदा, सातव्या नावातलं अक्षर या यंत्रात नाही. बेत उत्तम होता. त्यात खोट एकच: अक्षराची ती सबब सापारने जिन्यात उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिली.

पाच मजली इमारतीत जिन्यात बोललेलं तीन मजल्यांपर्यंत फुकट पोचतं. तिसऱ्यावर ताइस्या इवानोव्ना राहत होती. खाण मंडळात चौतीस वर्षं टायपिस्ट, आता बहात्तरीची. कझाक भाषेतले तिला पन्नासेक शब्द येत, त्यातले चाळीस खाण्याचे. पण कुठलं अक्षर कुठल्या कळीखाली असतं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं, डोक्याला विचारावं लागत नसे. ती अर्ध्या तासात वर आली. हातात बाजारातून आणलेलं, कळांवर चिकटवायच्या अक्षरांचं पाकीट.

"सापार दोसिमोविच, एका अक्षरासाठी पोराचं लग्न अडू द्यायचं? मी कशाला आहे मग?"

सापारने तिचे आभार मानले. मनातून त्याला ती दोन मजले खाली ढकलावीशी वाटली.

दौरेनने फोनवरून सांगत सांगत यंत्रात कझाक घातली. ताइस्या इवानोव्नाने हिरवी अक्षरं चिमट्याने उचलून एकेक कळीवर बसवली. आता लॅपटॉपमध्ये तीन भाषा झाल्या, आणि एकीतून दुसरीत जायला डाव्या हाताच्या दोन कळा एकदम दाबायच्या. हे ऐकायला सोपं. सापार रशियनमध्ये असे, त्याला कझाकमध्ये जायचं असे, कळा दाबल्या की तो इंग्रजीत जाऊन पडे. तिथून घाबरून पुन्हा दाबल्या तर दोनदा दाबल्या जात आणि तो कझाक ओलांडून परत रशियनमध्ये. बस चुकलेला माणूस जसा त्याच चौकात फिरून फिरून येतो तसा तो दर वेळी निघाला तिथेच उतरे. कुठल्या भाषेत आहोत ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पण सापारला कळा बघायचा चष्मा वेगळा आणि पडदा बघायचा वेगळा होता. त्या कोपऱ्यासाठी तिसरा लागला असता, तो नव्हता. म्हणून त्याने सगळं काम कळांच्या चष्म्यात करायचं ठरवलं. पडद्यावर काय उमटतं ते नंतर सवडीने बघता येईल असा त्याचा हिशेब.

तळमजल्यावरचा श्मिट सल्ला द्यायला आला तो कुत्र्यासकट. राऊशानने दारातच सांगितलं की भुंकणारा बाहेर राहील. ती कुत्र्याला कधी कुत्रा म्हणत नसे, नेहमी भुंकणारा. बायकांच्या तऱ्हा, म्हणून सापारने तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. श्मिटचं म्हणणं पडलं, की तीन भाषांचा घोळ कशाला? इंग्रजीत तू कुणाला पत्र लिहिणार आहेस? काढून टाक. दोन राहिल्या की चुकलं तरी निम्म्या वेळा बरोबर येईल. हा युक्तिवाद सापारला इतका पटला की त्याने इंग्रजी त्याच बैठकीत काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपने पासवर्ड मागितला. आणि आमच्याकडे पासवर्ड कसा ठेवतात ते श्मिटला माहीत असायला हवं होतं, कारण सगळेच तसा ठेवतात: भाषा इंग्रजी लावायची आणि रशियन शब्द टाइप करायचा. रशियन शब्द आपल्या लक्षात राहतो, उमटतात मात्र इंग्रजीतली वेडीवाकडी अक्षरं, चोराचा बाप आला तरी ओळखायचा नाही. आता इंग्रजीच नाही म्हटल्यावर मालकाचा बाप आला तरी उघडेना. पाच वेळा चुकल्यावर यंत्राने त्याला थांबायला सांगितलं. सापार आनंदाने थांबला. त्याने जिन्यात जाऊन चार लोकांना खेदाने सांगितलं की पूर्वज आत आहेत आणि दार बाहेरून बंद झालंय.

शनिवारी दौरेन तीन तासांचा प्रवास करून आला, त्याने काहीतरी खटपट केली, इंग्रजी परत बसवली आणि चहासुद्धा न घेता म्हणाला, "पापा, तुम्हाला हे लग्न हवंय ना?"

मुलाच्या डोळ्यांत झोप नव्हती. सापारला पहिल्यांदा वाटलं की आपला खोकला आता आपल्या एकट्याचा राहिलेला नाही. मुलगा गेल्यावर तो जे चाळीस वर्षांपूर्वी करायचं ते करायला निघाला: सातवा शोधायला.

बाप दोसिम कधीच गेलेला. त्याने ते नाव मुलाला सांगितलंच नव्हतं. "अल्झानपर्यंत पुरे" म्हणून तो विषय बदले. गावातली म्हातारी माणसंही उरली नव्हती. राहिला सरकारी दफ्तरखाना. तिथे जुन्या शिरगणतीचे कागद असतात, पण अर्ज राज्यभाषेत, टाइप केलेला हवा. सापारने दोन दिवस खपून, गुपचूप, कझाक लावून अर्ज टाइप केला, कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतला आणि खिडकीशी रांगेत उभा राहिला. काचेपलीकडच्या मुलीने अर्ज वाचला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"आगा, ओळख क्रमांकाच्या जागी तुम्ही हे काय लिहिलंय? कविता आहे का?"

सापारने पडद्याचा चष्मा लावून बघितलं. बारा आकड्यांच्या जागी बारा चमत्कारिक अक्षरं आणि चिन्हं बसली होती. मुलगी भली होती. तिने समजावून सांगितलं की कझाक लावली की आकड्यांच्या वरच्या ओळीतून कझाकची जास्तीची अक्षरं उमटतात, आकडे नाहीत; आकडे हवे तर भाषा बदलायची. सगळेच चुकतात, आठवड्यात दहा अर्ज असे येतात. नवा अर्ज आणा, उत्तर पंधरा कामाच्या दिवसांत. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

घरी येऊन सापारने कीबोर्ड नीट न्याहाळला आणि त्याला चूक सापडली. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर ताइस्या इवानोव्नाने हिरवी अक्षरं डकवली होती! आकडा झाकलेला, मग उमटणार कसा? त्याने नखाने ती एकूण एक काढून टाकली. खालून आकडे स्वच्छ, गोरेगोमटे वर आले. नकाशाचं काम केलेल्या माणसाला कारण आणि परिणाम जोडायला वेळ लागत नाही. कधीकधी तो लागायला हवा असतो.

शुक्रवार आला. ताइस्या इवानोव्ना सकाळपासूनच येऊन बसली. दौरेन अस्तानाहून फोनवर, राऊशान दारात. सापार सातव्याच्या काळजीत होता, त्याचं यंत्राकडे लक्ष नव्हतं. नऊच्या नऊ अक्षरं उमटत होती हे ताइस्या इवानोव्नाने कळांकडे न बघता एकेक दाबून दाखवलं आणि बोटं मोडून म्हणाली, "चला, तुम्ही नावं सांगा, मी टाइप करते. सातव्यापासून सुरू करू, त्याचीच तर अडचण होती."

खोकून भागण्यासारखं नव्हतं. सापार उठून उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला की हे काम माणसाने आपल्या पूर्वजांबरोबर एकांतात करायचं असतं. असा रिवाज कुठेही नाही. पण ताइस्या इवानोव्नाला वाटलं कझाकांत असेल, राऊशानला माहीत होतं की तसं काही नाही, आणि दोघी बाहेर गेल्या.

कळांचा चष्मा लावून त्याने एका बोटाने सहा नावं लिहिली, एकाखाली एक, खास कझाक अक्षर लागलं तिथे जवळच्या रशियन अक्षरावर भागवत. दोसिम. बायझान. कोझाक. तिलेउ. शोनाय. अल्झान. मग बोट हवेत थांबलं. त्याच्या मनात आलं की कागद खाली नीट बंद केलेला दिसला तर कुणी ओळी मोजत बसणार नाही. प्रत्येक नकाशाच्या तळाशी तो साल घालत आला होता. साल घातलं की नकाशा पुरा. त्याने दोन दाबला, शून्य दाबलं, दोन दाबला, पाच दाबला. आकडे बोटाखाली लख्ख दिसत होते. पडद्याकडे न बघता त्याने यादी पाठवून दिली, घाम पुसला आणि दोघींना आत बोलावलं.

त्याच मिनिटाला किझिलोर्दाहून त्यांची यादी आली. त्यानंतर पाच मिनिटांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला, त्यात सारं घर कोंबलेलं: मध्ये कालीबेक, शेजारी उशांना टेकून नुरपेइस मामा, मागे बायका. कुणी हसत नव्हतं.

"कुदा, तुमच्या यादीतलं शेवटचं नाव आम्ही वाचलं," कालीबेक म्हणाले. त्यांचा आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता. "आता तुम्ही आमच्या यादीतलं शेवटचं वाचा."

सापारला चष्मा सापडेना. राऊशानने फोन घेतला आणि वाचलं, "अकाग."

"तुमच्याही यादीत तेच आहे," कालीबेक म्हणाले, "अकाग."

ताइस्या इवानोव्नाने कझाक कळत नसताना हातातला पेला खाली ठेवला. सात पुरुषांपैकी सातवा दोन्हीकडे एकच. म्हणजे दौरेन आणि कुरालाय एका रक्ताचे.

दोघांचं कूळ वेगळं, मग हे कसं, असं मागून कुणीतरी विचारलं. सगळे मामांकडे वळले. आता शहाऐंशी वर्षं ज्याने प्रत्येक नावावर मान डोलावली त्याने या नावाला नाही म्हणायचं तर शहाऐंशी वर्षांचा पाया हलतो. मामांनी डोळे मिटले.

"होता," ते म्हणाले. "अकाग होता. दोन बायका होत्या त्याला. थोरली इथे नदीकाठी राहिली. धाकटी रागावून मुलगा घेऊन उत्तरेला गेली, भावाकडे. पोर मामाच्या कुळात वाढलं. मी लहानपणी ऐकलंय. एका डोळ्याने अधू होता."

म्हणजे डोळ्यासकट पुरावा. रविवारी थोर मंडळी बसून लग्न मोडल्याचं दोन्ही गावांना कळवतील असं ठरलं. फोन बंद होताना सापारने एवढंच पाहिलं की कालीबेक टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधत होते.

दौरेनने फोन ठेवून दिला, ते सगळ्यात वाईट होतं. ताइस्या इवानोव्ना डोळे पुसत खाली गेली. सापार मात्र खुर्चीत खिळला होता, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे त्या क्षणी दोन्ही गावांत मिळून एकाच माणसाला पक्कं माहीत होतं की त्याने सातवं नाव लिहिलेलंच नाही. मग ते आलं कुठून?

त्याने पडद्याचा चष्मा शोधून काढला. यादीच्या तळाशी साल नव्हतं, नाव होतं. त्याने नव्या पानावर पुन्हा दोन, शून्य, दोन, पाच दाबलं. दोनमधून अ निघाला, शून्यातून क, पुन्हा अ, पाचातून ग. अकाग. दफ्तरखान्यातली मुलगी आठवली, सोललेली हिरवी अक्षरं आठवली, आणि आपण किती हुशारीने मूर्ख ठरलो ते कळलं. त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली आणि तो हसायला लागला. कारण किझिलोर्दाचा अकाग कुठून आला असेल? तिथेही कुणीतरी सहा नावं लिहून खाली साल घातलं होतं. मखमली टोपीखालीही सहाच होते!

राऊशान धावत आली. "पोराचं लग्न मोडलं आणि तुम्ही हसता?"

मग त्याने सांगितलं. अल्झाननंतर काही नाही, कधीच नव्हतं, खोकला खोटा होता, अक्षराची गोष्ट खोटी होती. एकतीस वर्षांच्या संसारात एवढा लांब जबाब त्याने प्रथमच दिला. राऊशानने तो उभ्यानेच ऐकला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"मी खोटं खोकतो हे?"

"ते तर लग्नाच्या दिवसापासून. मला सातवं नाव माहीत आहे. मामंजी शेवटच्या आजारपणात माझ्या हातचं सूप प्यायचे ना, तेव्हा सांगितलं त्यांनी. म्हणाले, सापारला सांगायची लाज वाटते, तू सांभाळ."

सापारला वाटलं आता आपल्याला खराच खोकला येणार. "मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सुनेने सासरच्या थोरांची नावं तोंडाने घ्यायची नसतात. म्हणून मघाशी अकाग ऐकूनही मला बोलता आलं नाही. आणि तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला तर सगळी पाठ होती." मग ती म्हणाली, "एकतीस वर्षं झाली, मी भुंकणाऱ्याला भुंकणारा म्हणते. कधी वाटलं नाही तुम्हाला, का म्हणते?"

आता मात्र ती लॅपटॉपसमोर बसली. तोंडाने घ्यायचं नाही हे खरं, पण बोटाने घ्यायचं नाही असं तिला कोणत्याही सासूने सांगितलेलं नव्हतं. एकेक कळ शोधत तिने नाव लिहिलं: इतेमगेन. इत म्हणजे कुत्रा. इतेमगेन म्हणजे कुत्रीच्या दुधावर वाढलेला. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून यमाला किळस यावी असं ठेवलेलं नाव. खाण मंडळाच्या सन्मानफलकावर ज्याचा फोटो लागला होता त्या दोसिमला ते सांगायची लाज वाटली, आणि त्याच्या लाजेपायी नातवाचं लग्न मोडत होतं.

आणखी एक गोष्ट सापारच्या लक्षात आली, ती त्याने कुणाला सांगितली नाही. इतेमगेन या नावात खास कझाक अक्षर एकही नव्हतं. पहिल्या दिवशी, रशियन कीबोर्डावर, दोन मिनिटांत ते लिहून झालं असतं.

त्याने कालीबेकना फोन लावला. साधा, चेहरे न दाखवणारा.

"कुदा, जवळ कोण आहे?"

"कुणी नाही. अंगणात आलोय."

"मीही एकटाच आहे," सापार राऊशानकडे बघत म्हणाला. "एक विचारतो. यादी टाइप करताना भाषा कझाक होती ना? आणि खाली तुम्ही साल घातलं होतं, वरच्या ओळीतून?"

पलीकडून किझिलोर्दाचा वारा तेवढा ऐकू आला.

"कुदा," कालीबेक शेवटी म्हणाले, "मी बत्तीस वर्षं मुलांना उभं करून सात पूर्वज म्हणून घेतले आहेत. सातव्याला मी नेहमी घंटा द्यायला लावायचो."

"मी खोकायचो."

वारा पुन्हा ऐकू आला, पण या वेळी त्यात हसू मिसळलेलं होतं. सापारने मग त्यांना सल्ला दिला, आणि एवढ्या आठवड्यांत मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत तोच एक कामाचा निघाला. "घरात विचारा. पण तोंडी विचारू नका, त्या सांगणार नाहीत. कीबोर्ड पुढे ठेवा."

तासाभराने किझिलोर्दाहून सुधारलेली यादी आली. सातवं नाव होतं. ओंगळपणात ते इतेमगेनच्याही दोन पायऱ्या खालचं होतं, आणि ते मी इथे लिहीत नाही, कारण कालीबेकना समाजात मान आहे. टाइप मात्र अगदी बिनचूक होतं. राऊशानने बघताच सांगितलं की हे पुरुषाच्या बोटाचं काम नाही.

आता प्रश्न उरला अकागचा. तो साल आहे असं सांगावं तर दोन थोर घरं सहा पूर्वजांवर दिवस काढत होती हे चव्हाट्यावर येतं, आणि मामांच्या दोन बायका, अधू डोळा, सगळं निकालात. कालीबेकनी रात्रभर विचार केला, आणि रविवारच्या बैठकीत त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. ते उठून म्हणाले की दोन्ही याद्यांत मध्ये एकेक नाव घाईत गळलं होतं, ते आता जागेवर घातलं आहे. नावं सात, आणि ती वेगवेगळी. अकाग आहेच, त्याच्याबद्दल मामा बोलले ते अक्षर न् अक्षर खरं. फक्त तो एक पायरी वर सरकला.

मामांनी उशीवर बोटं मोजली. एकदा डाव्या हाताची, एकदा दोन्ही.

"आठवा," ते म्हणाले. "आठवा चालतो."

जानेवारीत लग्न ठरलं. आमंत्रणाचा मजकूर कारागांदाकडचा, आणि सापार म्हणाला की तो शुद्ध कझाकमध्ये, स्वतःच्या बोटांनी टाइप करील. ताइस्या इवानोव्ना म्हणाली मी बघते, दौरेन म्हणाला मी बघतो. त्याने दोघांनाही बघू दिलं नाही. नावं, जागा, वेळ शब्दांत, सगळं सुबक. तळाशी, नकाशा पुरा करावा तसं, साल. दोनशे प्रती सोनेरी शाईत छापून दोन्ही गावांत पोचल्यावर कळलं की दोन, शून्य, दोनपर्यंत जुनीच कथा घडली होती, आणि सहाच्या कळीखाली कझाकमध्ये अक्षर नसतं, स्वल्पविराम असतो.

ताइस्या इवानोव्ना आमंत्रण हातात धरून जिन्यात बसून हसली, पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. सापार दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

लग्नात मुलं-मुली नाचून दमल्यावर नुरपेइस मामांना आशीर्वादासाठी उभं केलं. त्यांनी आमंत्रण डोळ्यांसमोर धरलं, तळाची ओळ हळूहळू वाचली, आणि दोन्ही कुदांनी एकाच वेळी समोरच्या ताटात मान घातली.

"अका," मामा म्हणाले. "अकागचा भाऊ. लिहून ठेवलंत, बरं केलंत, त्याला सगळे विसरले होते." मग त्यांनी कागद आणखी जवळ घेतला. "आणि नावापुढे स्वल्पविराम आहे. म्हणजे वंश इथे थांबत नाही. देव करो आणि या दोघांचंही तसंच होवो."